डावा कान

धरमसिंग तांड्याच्या पोरांना फुकट पोहायला शिकवतो, असं ज्यांना वाटायचं त्यांनी त्याची विहीर मे महिन्यात कधी पाहिलेली नव्हती.

विहीर पाझर तलावाच्या अगदी खाली आहे. भर उन्हाळ्यातही तिच्यात वीस फूट पाणी असतं, ही तिची श्रीमंती. आणि ती अर्धीच बांधलेली असल्यानं दर पावसाळ्यात वरची माती आत ढासळते, हे तिचं दुखणं. दोन वर्षं गाळ काढला नाही तर मोटर चिखलात बसते. गाळ काढायचा तर आधी पाणी उपसायला हवं, आणि तलाव उशाशी असताना ही विहीर उपसणार कोण? धरमसिंगच्या बापानं एकदा दोन इंजिनं लावून पाहिली होती. सकाळी उपसलेलं पाणी दुपारच्या भाकरीपर्यंत परत जागेवर. तेव्हा पाणी न उपसता गाळ काढायची तोड धरमसिंगनं शोधली. ती तोड म्हणजे आम्ही.

पहिला आठवडा पाठीला दोन रिकाम्या कॅन बांधून. दुसरा आठवडा एक कॅन. मग नुसता कमरेला दोर, दोराचं टोक काठावर बसलेल्या धरमसिंगच्या मनगटाला. मग तोही नाही. इथवर पोरगं पोहायला शिकलेलं असायचं. पण धरमसिंगच्या लेखी ते अजून कच्चं. पक्कं व्हायचं तर तळ गाठायचा. गोडेतेलाच्या पंधरा किलोच्या डब्याला खिळ्यानं भोकं पाडून तो दोरानं तळाशी सोडलेला असे. श्वास धरून खाली जायचं, दोन ओंजळी गाळ डब्यात टाकायचा, वर यायचं. असे तीस डबे भरले की पोरगं पास. एका उन्हाळ्यात पंधरा-वीस पोरं. गुणाकार तुम्हीच करा. एवढ्या गाळासाठी मजूर बोलावले असते तर त्यांनी आधी विहिरीत डोकावलं असतं आणि मग घरची वाट धरली असती. आम्ही मात्र रांग लावून उभे असायचो, आणि आमच्या आया वरून त्याला पापड धाडायच्या. लग्नात पहिला टिळा गुरुजीला. गुरुजी म्हणजे धरमसिंग. शाळेतल्या मास्तरला नुसतं मास्तर म्हणायचे.

मी महागावच्या बाजारात मापारी आहे. कापूस आणि सोयाबीन काट्यावर घालण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे समोर माणूस आला की हा काय घेऊन आला आणि काय घेऊन जाणार, हे आधी दिसतं. पण त्या वेळी मी अकरा वर्षांचा होतो आणि मला फक्त पाणी दिसत होतं. हिरवं, गार, आणि खाली कुठे संपतं ते न कळणारं.

"पाय मार बे गोपाल! बेंडकाले कोनं शिकवलं?" धरमसिंग वरून ओरडायचा.

"त्याचा बाप संग असंन!" मी बुडता बुडता म्हणालो होतो. माझा बाप तेव्हा ऊस तोडायला गेलेला होता. धरमसिंग इतका हसला की त्याच्या मनगटाचा दोर सैल पडला आणि मी दोन घोट पाणी प्यालो.

तळाची भीती पाण्याची नव्हती, कानाची होती. दहा फुटांखाली गेलं की कानात कुणी तरी अंगठा घालून आत दाबतंय असं व्हायचं. सहन होईना म्हणून पोरं अर्ध्यातून वर यायची, आणि धरमसिंग त्यांना परत पाठवायचा. चौदाव्या डब्याला माझ्या डाव्या कानात काही तरी फट्‌दिशी झालं. आधी गरम वाटलं, मग बर्फासारखं गार, आणि मग सगळी विहीर माझ्याभोवती फिरायला लागली. वर कुठे आणि खाली कुठे ते कळेना. डब्याच्या दोराला लोंबकळत मी वर आलो. मानेवरून रक्ताचा ओघळ.

धरमसिंग उठून नाचायचाच बाकी राहिला. "मोकळा झाला! गोपालचा कान मोकळा झाला!"

त्याचं म्हणणं असं की, वासरू जसं पापुद्र्यात गुंडाळलेलं जन्मतं तसा माणसाच्या कानातही एक पापुद्रा असतो. तो फुटला की पाणी आत-बाहेर मोकळं होतं आणि दाबत नाही. माणूस पाण्याचा होतो. ज्याचा कान फुटला नाही तो काठावरचाच. त्या दिवशी आमच्या घरून तांडाभर गूळ वाटला गेला. याडीनं, म्हणजे माझ्या आईनं, लसणाचं तेल कोमट करून कानात घातलं. पुढे पंधरा दिवस उशी ओली व्हायची. पण त्याचं एक म्हणणं खरं होतं. त्यानंतर तळाला गेल्यावर दुखत नव्हतं. मी तिथे जास्त वेळ थांबू लागलो. डबे भराभर भरू लागले.

डाव्या कानानं कमी ऐकू येतं हे मला कळायला फार वर्षं लागली, कारण आमच्या तांड्यात सगळेच मोठ्यानं बोलतात. बाजारातले अडते म्हणायचे, तांड्याची माणसं खुशालीही भांडल्यासारखी विचारतात. आम्हाला वाटायचं, हा आमचा स्वभाव आहे.

कळलं ते पोलीस भरतीत. विसाव्या वर्षी यवतमाळला गेलो. धावणं पास, गोळाफेक पास, उंची पाच सेंटीमीटर जास्त. शेवटी डॉक्टरनं कानात उजेड टाकला आणि कागदावर एक ओळ लिहिली. पडद्याला भोक. अपात्र.

परत येताना एसटीत मी विचार केला. खरं सांगितलं तर उद्यापासून मी बहिरा गोपाल. तांड्यात एकदा चिकटलेलं नाव सरणावरही सुटत नाही. बाभुळगावकडून एक स्थळ आलेलं होतं, ते गेलं असतं. म्हणून बसमधून उतरल्यावर पहिला जो भेटला त्याला सांगितलं, "उंची कमी पडली. अर्धा सेंटीमीटर."

धरमसिंगनं पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे बे. उंची काय विहिरीत शिकवता येते काय?"

दोन वर्षांनी सेवादास गेला. परत आला तो म्हणाला, छाती फुगली नाही. सेवादासची छाती अशी की तो विहिरीच्या काठावर उभा राहिला तर पाण्यावरचं ऊन अडायचं. मग अंकुर गेला. तो धावण्यात कमी पडला म्हणे. हा अंकुर पोळ्याला बैल सुटला तर त्याला धावत गाठणारा. असे सहा जण गेले आणि सहा कारणं घेऊन आले. मी एकालाही काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानंही मला विचारलं असतं.

पुढे पोरं कमी झाली. काही आश्रमशाळेत, काही पुण्याकडे, उरलेली मोबाईलमध्ये. चार वर्षांपूर्वीच्या मेमध्ये विहिरीवर दोन पोरं आली आणि मोटर चिखलाला टेकली. त्याच आठवड्यात धरमसिंगनं जाहीर केलं की यापुढे मुलीही पोहायला शिकतील. एका वार्ताहरानं फोटो छापला. लेकींसाठी विहीर खुली करणारे आजोबा. कात्रण त्यानं देवाच्या फोटोशेजारी लावलं.

"तीस वर्षं म्हनत होता, पोरी उतरल्या की पानी बाटते," त्याची बायको जमनी म्हणाली. "आता काय पानी धुवून घेतलं?"

"जमाना बदलला, जमनी."

"जमाना नाही बदलला. पोट्टे संपले."

चार मुली आल्या, त्यांत धरमसिंगची नात वर्षा. तिचा बाप बादल आणि आई शीला दसऱ्याला उसाच्या ट्रकमध्ये बसत आणि होळीच्या मागंपुढं परतत, म्हणून ती आजी-आजोबांकडेच वाढलेली. बाकीच्या तिघी पोहायला शिकल्या. वर्षाचं निराळंच होतं. ती पाण्यात उतरली की पाण्याला कळायचंही नाही. दोन उन्हाळ्यांत तिनं पोरांना मागं टाकलं. तिसऱ्या उन्हाळ्यात, म्हणजे गेल्याच्या मागच्या वर्षी, तिचा डावा कान मोकळा झाला. धरमसिंगनं स्वतः गूळ वाटला. माझ्या घरी वर्षाच घेऊन आली. मानेवर अजून पुसट लाल रेघ होती, आणि चेहरा असा की जणू बोर्डात आली.

"काका, तुमचाबी डावाच ना?"

"हाव," मी म्हणालो, आणि गूळ तोंडात टाकला. तेव्हा बोलायला हवं होतं. तोंडात गूळ होता हे काही कारण नव्हे.

गेल्या एप्रिलमध्ये मोटर पुन्हा बसली आणि महागावहून मोहिउद्दीन मिस्त्री आला. चाळीस वर्षं मोटरी काढणारा माणूस. गळ टाकून मोटर निघेना, तेव्हा वर्षा दोर घेऊन खाली गेली, चिखलात हात घालून मोटरीच्या कड्यात गाठ मारली आणि वर आली. मोहिउद्दीननं हातातला चहा तसाच ठेवला.

"ये लडकी हाये का मासोळी? गोपालभाऊ, हिले कुठं तरी घाला ना. आमच्या आरिफाच्या शाळेत कागद लागला हाये. यवतमाळले सरकारी क्रीडा वसतिगृहाची चाचणी हाये पोहण्याची. राहणं, खाणं, बारावीलोग शाळा, सगळं त्याईचं."

मी त्याचा फायदा काय असावा ते शोधलं. सापडला नाही. ज्याचा फायदा सापडत नाही त्याचा मला जास्त संशय येतो. पण तो दोन दिवसांनी अर्ज घेऊन खरंच आला.

अट होती, वय सतरापेक्षा कमी. पुढच्या चाचणीपर्यंत वर्षाला सतरा पूर्ण होणार होते. म्हणजे हे एकच वर्ष. दहावीची परीक्षा झालेली. बादल आणि शीला परतलेले होते आणि त्यांचं आधीच ठरलेलं होतं. शीलाची पाठ गेली होती, मोळ्या बांधायला तिसरं माणूस पाहिजे होतं. वर्षानं चार दिवस जेवण सोडलं तेव्हा बादल एवढंच म्हणाला, "सरकारनं घेतलं तं सरकारची. नाही घेतलं तं दसऱ्याले आमच्यासंग."

ती कबूल झाली. तिला वाटत होतं, पोहण्याचीच तर परीक्षा आहे.

अर्ज भरताना मोहिउद्दीन तिच्याकडे पाहत म्हणाला, "बेटा, कान वाहून राह्यला तुह्या. कापूस पिवळा झाला. धरमसिंगभाऊ, एकदा डॉक्टरले दाखवा. पानी बंद करा तिचं काही दिवस."

धरमसिंग हसला. "मिस्त्री, तुमी मोटरीचं पाहा. हा कान मोकळा झालेला हाये. तुमाले नाही समजणार, तुमी काठावरचे."

सगळे हसले. मीही हसलो. चाचणीला पाच आठवडे होते, आणि विहिरीत अजून निम्मा गाळ होता.

त्या पाच आठवड्यांत मी तीनदा धरमसिंगच्या अंगणापर्यंत गेलो. दर वेळी त्याच्या ओट्यावर सेवादास नाही तर अंकुर बसलेला असायचा. मी पावसाचा अंदाज विचारून परत यायचो. कान तपासतील एवढंच म्हणायचं होतं. पण तुला कसं माहीत, हा पुढचा प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर बावीस वर्षं जुनं झालेलं होतं. बायकोला काय सांगणार? उंचीचा माझा किस्सा तिनं माहेरी किती वेळा सांगितला असेल.

वर्षा रोज सकाळी डबे भरायची आणि रोज संध्याकाळी कडुनिंबाच्या फांदीला लोंबकळायची.

"हे काय करून राह्यली?" मी एकदा विचारलं.

"उंची वाढवून राह्यली. तुमचा अर्धा सेंटीमीटरनं घात झाला ना काका. माह्या नाही होऊ द्यायचा."

चाचणीच्या दिवशी बादलला पाठवायचं होतं, पण यवतमाळची माहिती असलेला म्हणून मला धाडलं. पहाटेची बस. वर्षानं नवा ड्रेस घातलेला, मांडीवर पिशवी, पिशवीत जमनीनं बांधलेल्या दशम्या. आर्णीच्या पुढे ती माझ्याकडे वळली.

"काका, उंची मोजतात तवा टाच उचलली तं समजते काय?"

"समजते."

"मंग मान ताणली तं?"

"तुह्यी उंची भरपूर हाये वर्षा."

"तुमालेबी असंच वाटलं असंन ना तवा?"

ती माझ्या उजव्या बाजूला बसली होती, त्यामुळे ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. मी खिडकीबाहेर पाहिलं. त्या वेळी सांगून तरी काय झालं असतं, असं मी आता स्वतःला म्हणतो. काही झालं नसतं. पण डॉक्टरसमोर तिला ते अचानक ऐकावं लागलं नसतं.

तरणतलावाच्या फाटकात ती थबकली. पाणी निळं, आणि तळ सरळ दिसत होता. "याले गाळच नाही," ती म्हणाली. मग उंचीच्या रांगेत उभी राहिली. मोजणाऱ्या मॅडमनी आकडा सांगितला तेव्हा तिनं लांबूनच मला दोन बोटं दाखवली. दोन सेंटीमीटर जास्त. तिला वाटलं, अवघड तेवढं संपलं.

पोहण्यात तिचे पहिले दहा मीटर वाया गेले, कारण ती विहिरीतल्यासारखी वळायला लागली. आमच्या पोहण्यात सरळ जाणं नसतंच. गोल फिरायचं किंवा खाली जायचं. मग तिला पाण्यातला सरळ पट्टा समजला. बाकीच्या मुलींना टोप्या, चष्मे, बाजूला ओरडणारे सर. हिचा नुसता वेणीचा शेपटा. पन्नास मीटरला ती नऊ जणींत दुसरी आली. शिट्टी वाजवणाऱ्या सरांनी तिच्या नावापुढे काही तरी लिहिलं आणि मला विचारलं, "कुठं शिकली?"

"विहिरीत."

"शिकवणाऱ्याला दाद द्यायला हवी."

मग शेवटचं टेबल. डॉक्टरीण तरुण होती, भराभर कागद उरकत होती. डोळे, दात, छाती. मग वर्षाची मान तिरकी करून उजेड टाकला आणि तिचा हात थांबला.

"हे कधीपासून?"

"गेल्या उन्हाळ्यात मोकळा झाला," वर्षा म्हणाली. तिच्या आवाजात अजून तो गूळ होता.

"मोकळा? अगं, पडद्याला भोक आहे. आत पू आहे. अशा कानानं पाण्यात उतरायचंच नाही."

"पन दुखत नाही मॅडम."

"पडदाच नाही तर दाब येणार कुणावर?" मग तिचा आवाज जरा खाली आला. "वेळेवर पाणी बंद केलं असतं ना, तर बरेचदा हा आपोआप भरून येतो. आता औषध, सहा महिने कोरडा ठेवणं, मग कदाचित ऑपरेशन."

"मंग पुढच्या वर्षी येऊ?"

डॉक्टरणीनं अर्जावरची जन्मतारीख पाहिली आणि वयाच्या अटीवर बोट ठेवलं. वर्षानंच मान हलवली.

मग डॉक्टरीण माझ्याकडे वळून काही तरी म्हणाली. ती माझ्या डाव्या बाजूला होती आणि मागं मुलींचा गलका होता. मी सवयीनं मान वळवून उजवा कान पुढं केला. "काय म्हनलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मग वर्षाकडे. "बसा जरा तुम्ही," म्हणाली. मी बसलो. उजेड माझ्या कानात पडला तेव्हा मला विसाव्या वर्षी पडलेला उजेड आठवला. तोही असाच थंड होता.

"तोच कान," ती म्हणाली. "जुनं आहे फार. तुम्हाला माहीत असेल की."

वर्षा समोर उभी होती, केसांतून पाणी गळत होतं.

"काका," ती म्हणाली, "तुमाले उंचीनं काढलं होतं ना?"

"तेबी होतं," मी म्हणालो.

डॉक्टरणीनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. भरतीतल्या कुठल्याही मोजपट्टीला पुरून उरेल असा मी. वर्षानंही पाहिलं. त्यानंतर परतीच्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली नाही. पुढे ड्रायव्हरमागं बसली, आणि दशम्यांची पिशवी तशीच माझ्याकडे राहिली.

दिवस मावळायच्या आत तांड्यात पोहोचलो. धरमसिंगच्या ओट्यावर सगळे वाट पाहत होते. बादल, शीला, जमनी, सेवादास, अंकुर. वर्षा उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथूनच वळून म्हणाली, "कानानं काढलं. मोकळा नाही झालेला, फुटलेला हाये. आबा, तुमी फोडला. गोपालकाकाचाबी फुटलेला हाये. त्याईलेबी कानानंच काढलं होतं, उंचीनं नाही. विचारा."

धरमसिंगनं माझ्याकडे पाहिलं. "काय बे गोपाल?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा मी खरं बोललो. फार मोठ्यानं बोललो असेन, कारण शेजारच्या घरातली माणसंही बाहेर आली. बोलून झाल्यावर मी सेवादासकडे पाहिलं.

"माह्यं मले माहीत नाही बाप्पा," सेवादास म्हणाला. "माह्यी छातीच होती."

अंकुरला बैलाची आठवण झाली आणि तो उठून गेला.

मला वाटलं होतं धरमसिंग चिडेल, नाही तर डॉक्टरला शिव्या देईल. त्यानं तसं काही केलं नाही. गुडघ्यावर हात टेकून तो पुढं वाकला. मग म्हणाला, "मले कोनं सांगतलं?"

"काय?"

"तुमी सहा जन भरतीले गेलते. एकानं उंची सांगतली, एकानं छाती, एकानं धावनं. म्या साऱ्यायची समजूत घातली. कोनं एकानं जरी म्हनलं असतं, गुरुजी, हा कान कापून राह्यला आमाले, तं म्या पोरीले तळाले धाडलं असतं काय? मलेबी माह्या बापानं असंच मोकळं केलं. मले दोनी कान मोकळे हायेत."

"म्हनून!" जमनी एकदम म्हणाली. तिचा आवाज फाटला. "चाळीस वर्षं वरडून बोलून राह्यले मी याच्यासंग. मले वाटे, याले माह्यं ऐकायचंच नसते."

हसू येण्यासारखं होतं, पण कुणाला आलं नाही. शीला उठली आणि उंबऱ्याशी जाऊन वर्षाच्या पाठीवरचा ओला टॉवेल काढायला लागली. वर्षानं तो काढू दिला नाही.

त्या रागातही माझ्या डोक्यात एक काटा हलत होता. मी सांगितलं असतं तर धरमसिंगनं खरंच ऐकलं असतं का? गाळ तर तरीही पडतच होता. मोटर तरीही बसणारच होती. याचं उत्तर मला चार दिवसांनी मिळालं असं वाटतं. विहिरीवरून जाताना पाहिलं, तर डबा पुन्हा पाण्यात होता आणि दोन लहान मुली कमरेला हात देऊन श्वास भरत उभ्या होत्या. धरमसिंग काठावरून ओरडत होता, "कापूस घातला ना कानात? घट्ट घाला बे पोरींनो!" मग माझ्याकडे बघून जरा अभिमानानंच म्हणाला, "आता मी कापसाबिगर कोनाले उतरू देत नाही."

कापूस पाणी अडवत नाही, हे मी त्याला सांगितलं. त्याला ऐकू आलं नाही, किंवा आलं. मुलींच्या आयांनाही सांगितलं. एकीनं मुलगी घरी नेली. दुसरी म्हणाली, "तुमी स्वतःचं तं बावीस वर्षं नाही सांगतलं."

पावसाळ्यात मोहिउद्दीन मिस्त्री एकदा बाजारात भेटला. निकाल त्याला कळला होता. तो एवढंच म्हणाला, "पोरीचा इलाज करून राह्यले ना?" मी म्हणालो, सुरू आहे. यवतमाळच्या सरकारी दवाखान्यात मी तिला दोनदा नेलं होतं, हे खरं. तिसऱ्या वेळी ती आली नाही. म्हणाली, तुमच्यासंग नाही येत.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रक लागला. भांडी, पत्रे, ताडपत्री, शेळी चढवली. वर्षा आईच्या मागं चढली. डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, कान झाकून. मुकादमानं तिला दोनदा हाक मारली तेव्हा तिनं मान वळवून उजवी बाजू पुढं केली. ती लकब मला लांबूनही ओळखू आली.

धरमसिंगला त्या वर्षी तळापर्यंत साफ विहीर मिळाली, आणि ते कात्रण अजून देवाजवळ आहे. सेवादासची छाती, अंकुरचे पाय जिथल्या तिथे राहिले. बादलला मोळ्या बांधायला तिसरे दोन हात मिळाले. मला बायको मिळाली, काटा मिळाला, बावीस वर्षं तांड्यात ताठ मान मिळाली, आणि खरं बोलल्यावरही मला कुणी बहिरा गोपाल म्हटलं नाही, कारण ते नाव उसाच्या फडावर तिला चिकटलं. आम्ही सगळ्यांनी काही ना काही उचललं. भरलं वर्षानं.